काळ पुढे गेला तरी न सरणारे दुःख

घरातले माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना एक वाक्य हमखास ऐकावे लागते: काळ हेच औषध. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पहिले काही महिने जीव नकोसा होतो, मग हळूहळू झोप लागू लागते, अन्नाला चव येते, कामात मन रमते. आठवण आली की डोळे भरून येतात, पण सगळा दिवस हातचा जात नाही. काही जणांच्या वाट्याला मात्र हे येत नाही. वर्ष उलटते, दुसरेही उलटते, आणि दुःख पहिल्या आठवड्यात जिथे होते तिथेच, तेवढ्याच धारेने उभे असते. अशा माणसांविषयी मला लिहायचे आहे. माझी मावशी त्यांच्यापैकी एक होती. तिच्या सोबतीने राहताना मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले, आणि माझी खात्री झाली की नुसता काळ कुणालाही बरे करत नाही. त्या काळात मनात काही घडावे लागते, आणि ते घडण्याची वाट अडली असेल तर कितीही वर्षे गेली तरी उपयोग होत नाही.

काका बरीच वर्षे आजारी होते. मावशीचा दिवस त्यांच्या औषधांच्या वेळांवर चालत असे. आठवड्याच्या सात दिवसांचे सात कप्पे, प्रत्येक कप्प्यात सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन भाग असलेला एक प्लास्टिकचा डबा होता. तो ती रविवारी रात्री चष्मा लावून, चिठ्ठीवरून बोट फिरवत, गोळ्या मोजून भरत असे. काका बुधवारी पहाटे गेले. सोमवार आणि मंगळवारचे कप्पे रिकामे होते, बुधवारपासून रविवारपर्यंतचे भरलेले होते. सुरीने अर्धी केलेली पांढरी गोळी प्रत्येक सकाळच्या भागात होती. दुसरे वर्ष संपत आले तरी तो डबा फडताळावर तसाच होता. ती तो रोज फडक्याने पुसून जागेवर ठेवायची, पण एकही कप्पा उघडायची नाही. पहाटे चारला तिला जाग येई, कारण त्या वेळी काकांना कूस बदलून द्यावी लागे. ती उठून बसे, आणि मग काय करायचे ते तिला सुचत नसे.

याच घरात काका ज्या खोलीत गेले त्या खोलीचे दार मात्र बंद होते. मावशी दिवाणखान्यात झोपायची. कपाट त्या खोलीत असल्यामुळे तिने तिच्या साड्यासुद्धा दुसऱ्याला आणायला सांगितल्या होत्या. एका वस्तूला इतके जपणे आणि एका खोलीकडे पाठ फिरवणे ही दोन टोके एकाच माणसात कशी, असा प्रश्न तेव्हा घरात सगळ्यांनाच पडत असे. पुढे वाचताना लक्षात आले की या अवस्थेत ही दोन्ही वागणी एकत्रच आढळतात. डबा जपणे म्हणजे काका अजून कुठेतरी जवळ आहेत असे धरून राहणे, आणि खोली टाळणे म्हणजे ते गेले हे दाखवणाऱ्या जागेपासून दूर राहणे. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात: गेले हे मनाला कळू द्यायचे नाही.

या अवस्थेला आता वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रोलॉन्ग्ड ग्रीफ डिसऑर्डर, म्हणजे प्रदीर्घ शोकाचा विकार, असे निदान समाविष्ट झाले. मार्च २०२२ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५-टीआर या निदानसंहितेतही ते आले. दोन्हींच्या मुदती वेगळ्या आहेत. आयसीडी-११ प्रमाणे मृत्यूनंतर किमान ६ महिने गेलेले असावेत, तर डीएसएमप्रमाणे प्रौढांसाठी १२ महिने आणि मुलांसाठी ६ महिने. मुदत हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, असे मला वाटते. महत्त्वाचे आहे ते लक्षणांचे वर्णन. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ, किंवा त्याच्याच विचारांत मन सतत गुंतलेले असणे, हे त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि तेही जवळजवळ रोज. त्याच्या जोडीला आपल्यातलाच एक भाग मेला असे वाटणे, मृत्यूवर विश्वास न बसणे, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, राग, कडवटपणा किंवा अपराधीपणा यांसारख्या तीव्र भावना, लोकांत आणि कामात परत मिसळता न येणे, मन बधिर होणे, जगण्याला अर्थ उरला नाही असे वाटणे आणि खोल एकटेपणा, अशी आठ लक्षणे डीएसएममध्ये दिली आहेत. त्यांतली किमान तीन असावी लागतात, त्यांमुळे रोजचे जगणे अडलेले असावे लागते, आणि हा शोक त्या माणसाच्या समाजात, संस्कृतीत व धर्मात अपेक्षित असतो त्याच्या स्पष्टपणे पलीकडे गेलेला असावा लागतो. ही शेवटची अट दोन्ही संहितांत आहे, आणि ती फार आवश्यक आहे.

शोकाला विकार म्हणण्यावर अनेकांनी आक्षेप घेतले आणि ते उथळ नाहीत. प्रेम केले म्हणून दुःख होते, मग त्या दुःखाला आजार कसे म्हणायचे, आणि उद्या प्रत्येक विधवेला गोळी लिहून दिली जाणार नाही कशावरून, ही भीती खरी आहे. जवळचे माणूस नुकतेच गेले असेल तर सहसा नैराश्याचे निदान करायचे नाही, हा शोकाचा अपवाद याच संहितेच्या २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या आवृत्तीने काढून टाकला, तेव्हाही हाच वाद झाला होता. तरीसुद्धा मी नाव देण्याच्या बाजूने आहे. मावशीला दोन वर्षे जे ऐकावे लागले ते असे: सावर स्वतःला, किती दिवस धरून बसणार, जाणारा गेला, राहणाऱ्यांनी जगायला हवे, आजारातून सुटले बिचारे. या प्रत्येक वाक्यात एक निवाडा दडलेला आहे, की तू मनावर घेतलेस तर हे थांबेल. ज्याला काही केल्या थांबवता येत नाही त्याच्यावर हा निवाडा दुहेरी घाव घालतो. आधी माणूस गेला, आणि वर आपण कमकुवत ठरलो. ही एक ओळखलेली, अभ्यासलेली आणि उपचार असलेली अवस्था आहे, असे पहिल्यांदा कुणी सांगितले तेव्हा मावशी कितीतरी वेळ रडली, आणि मग म्हणाली, “म्हणजे मला वेड लागलेले नाही तर.” इतके दिवस ती ही भीती एकटीच बाळगून होती.

ही अवस्था किती जणांना गाठते? २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात नैसर्गिक कारणांनी जवळचे माणूस गमावलेल्या प्रौढांपैकी साधारण दहांत एकाला प्रदीर्घ शोक होतो असा अंदाज निघाला. म्हणजे दहांतले नऊ जण, कितीही कोसळले तरी, आपापल्या लोकांच्या आधाराने उभे राहतात आणि त्यांना उपचाराची गरज नसते. अपघात, हिंसा, आत्महत्या, आपत्ती अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण कितीतरी जास्त आढळते. मूल गमावलेले आईवडील आणि जोडीदार गमावलेली माणसे यांना धोका अधिक असतो. आधी नैराश्य किंवा चिंतेचा त्रास झालेला असणे, गेलेल्या माणसावर सगळे जगणे बेतलेले असणे, भोवती आधार नसणे, यांनीही तो वाढतो. दीर्घ आजारपणात सेवा करणाऱ्यांकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. सगळे धरून चालतात की त्यांची मनाची तयारी झालेली असणार. प्रत्यक्षात अशा माणसाचा जोडीदार जातो त्याच दिवशी त्याचे काम जाते, त्याचे वेळापत्रक जाते, आपण कोण आहोत याचे उत्तर जाते. मावशी म्हणायची की मला आता कुणी हाकच मारत नाही.

समाज ज्यांचे दुःख दुःख म्हणून मानतच नाही अशांचाही एक मोठा गट आहे. शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये या प्रकाराची मांडणी केली. गर्भपातानंतर आईला होणारा शोक, घटस्फोटित जोडीदाराच्या मृत्यूचा शोक, ज्या नात्याला जगाची मान्यता नव्हती त्या नात्यातला शोक, यांना सांत्वनाला येणारे कुणी नसते. बेपत्ता माणसाच्या घरच्यांची अवस्था तर आणखी बिकट असते, कारण त्यांना शोक करायची परवानगीसुद्धा स्वतःला देता येत नाही. या दोन्ही विषयांवर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

नैराश्य आणि प्रदीर्घ शोक यांची गल्लत नेहमी होते, डॉक्टरांकडूनही होते, आणि तिची किंमत पेशंटला मोजावी लागते. दोन्ही एकत्र असू शकतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैराश्यात कशातच रस उरत नाही आणि आपण स्वतःच निकामी आहोत असे वाटते. प्रदीर्घ शोकात मन एका माणसाकडे ओढले जाते. त्याच्याबद्दल बोलताना चेहऱ्यावर क्षणभर उजेडही येतो, अपराधीपणा असतो तो त्याच्या संदर्भातला, आणि मरणाचा विचार आला तर तो बहुधा त्याच्याकडे जाण्याचा असतो. २००८ मध्ये संशोधक मेरी-फ्रान्सिस ओकॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाने आई किंवा बहीण गमावलेल्या स्त्रियांच्या मेंदूचे चित्रण केले. गेलेल्या व्यक्तीची आठवण करून देणारी छायाचित्रे आणि शब्द पाहताना, ज्यांचा शोक गुंतागुंतीचा झाला होता त्यांच्याच मेंदूत न्यूक्लिअस अॅक्युम्बेन्स हा ओढ आणि बक्षीस यांच्याशी संबंधित भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. अभ्यास लहान होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मावशीला पाहिल्यानंतर मला ते अगदी पटले. तिच्या दुःखात उदासीपेक्षा वाट पाहणे जास्त होते.

वर्षानुवर्षे एखाद्याच्या सहवासात राहिल्यावर त्याचे असणे आपल्या अंगवळणी पडते. दाराची कडी वाजली की तोच आला असेल, काही घडले की त्याला सांगायचे, हे मनाला वेगळे शिकवावे लागत नाही. तो गेल्यावर मनाला ते सगळे पुन्हा नव्याने शिकावे लागते, आणि ते मृत्यूचा दाखला वाचून शिकता येत नाही. रिकामी खुर्ची पाहून, त्याच्याशिवाय एखादा निर्णय घेऊन, त्याच्याशिवाय आजारी पडून आणि बरे होऊन ते शिकता येते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेले एक प्रारूप या बाबतीत मला सर्वांत समजूतदार वाटते. शोक करणारा माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतो, असे ते सांगतात. कधी तो गमावलेल्याकडे वळतो, रडतो, आठवतो, फोटो काढून बसतो. कधी तो बँकेचे कागद, घरातली दुरुस्ती, नवी जबाबदारी यांकडे वळतो आणि काही तास दुःख बाजूला राहते. या ये-जा करण्यातच माणूस सावरत जातो. १९६९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी सांगितलेल्या नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत, पण त्या मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यांवरून सुचल्या होत्या. मागे राहिलेला माणूस अशा ठरावीक क्रमाने चढत जातो असे नंतरच्या अभ्यासांत ठामपणे दिसलेले नाही. तरीही लोक आपण कितव्या पायरीवर अडकलो आहोत ते मोजत बसतात आणि आणखी खचतात.

प्रदीर्घ शोकात ही ये-जा थांबते. टाळणे हे एक कारण मी वर सांगितले. दुसरे कारण जर-तरचे आहे, आणि ते ओळखायला जास्त कठीण आहे, कारण बाहेरून ते टाळण्याच्या नेमके उलट दिसते. माणूस त्या मृत्यूचाच विचार अहोरात्र करत असतो. मावशीच्या मनात एकच वाक्य फिरत असे: मी त्या रात्री जागी असते तर. काका गेले तेव्हा ती शेजारच्या खोलीत आडवी झाली होती. तासाभराने उठून पाहिले तेव्हा सगळे संपले होते. डॉक्टरांनी तिला समजावले होते की ती जागी असती तरी काही करता आले नसते. हे तिला कळत होते, पण वळत नव्हते. असे विचार करणारा माणूस मृत्यूला सामोरा जातो आहे असे वाटते. पण मृत्यू कसा टळला असता हे मनात पुन्हापुन्हा रचण्यात, तो टळला नाही या सत्यापाशी पोचणेच राहून जाते. अनेक अभ्यासक या घोळण्याकडे टाळण्याचाच एक प्रकार म्हणून पाहतात.

म्हणूनच उपचाराचा भर या अडलेल्या वाटेवर असतो. कोलंबिया विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञ कॅथरिन शीअर यांनी विकसित केलेली उपचारपद्धती यांत सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे. ती साधारण १६ सत्रांची असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिची तुलना नातेसंबंधांवर भर देणाऱ्या, नैराश्यासाठी उपयोगी ठरलेल्या दुसऱ्या एका उपचाराशी केली गेली. शोकासाठी खास रचलेल्या उपचाराने ५१ टक्के लोकांना लक्षणीय फरक पडला, दुसऱ्याने २८ टक्क्यांना. २०१४ मध्ये वयस्क लोकांवर झालेल्या चाचणीत हे आकडे सुमारे ७० आणि ३२ टक्के होते. २०१६ च्या मोठ्या चाचणीत सिटॅलोप्राम या नैराश्यावरच्या औषधाचा शोकाच्या लक्षणांवर वेगळा असा फायदा दिसला नाही. शोकाच्या उपचाराच्या जोडीला दिल्यास नैराश्याच्या लक्षणांना मात्र त्याचा उपयोग झाला. यावरून कुणी आपली चालू औषधे बंद करू नयेत. पण फक्त गोळ्यांवर वर्षे काढूनही ओढ कमी होत नसेल, तर दोष त्या माणसाच्या इच्छाशक्तीचा नसतो.

मावशी ज्या समुपदेशकांकडे गेली त्या याच धर्तीवर काम करत होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला एक वही करायला सांगितली. रोज रात्री तीन ओळी लिहायच्या: आज दुःख सर्वांत जास्त कधी होते आणि दहापैकी किती, सर्वांत कमी कधी होते आणि किती, आणि दिवसाची सरासरी किती. मावशीचे म्हणणे होते की यात लिहिण्यासारखे काही नाही, माझे दिवसभर दहाच असते. वहीची पहिली पाने तशीच आहेत, दहा, दहा, दहा. मग एका पानावर दुपारच्या वेळेपुढे सहा आहे आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘कुंड्यांची माती उकरत होते.’ त्यानंतर काही दिवसांनी पाच. एकदा चार, आणि त्यापुढे, ‘भाचीच्या मुलीची वेणी घातली.’ समुपदेशकांनी त्यावर कौतुकाचा वर्षाव केला नाही. चार झाले तेव्हा मनात काय आले, एवढेच विचारले. मावशी म्हणाली, “लाज वाटली.” दुःख कमी होणे म्हणजे काकांना सोडून देणे, असे तिच्या मनाने कधीचेच ठरवून टाकले होते. शोक सोडला तर नातेही सुटेल ही भीती अशा जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते, आणि बाहेरचे लोक ‘विसर आता’ म्हणतात तेव्हा नेमकी तीच भीती घट्ट करतात.

खरे तर नाते तोडणे हे या उपचाराचे ध्येय नसतेच. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये लिहिताना शोकाचे काम म्हणजे गेलेल्या व्यक्तीत गुंतलेली ऊर्जा सोडवून घेणे असे मांडले होते, आणि पुढे कित्येक दशके ‘सोडून द्या’ हाच सल्ला शास्त्रीय समजला गेला. पण १९२० मध्ये त्यांची स्वतःची मुलगी सोफी गेली. १९२९ मध्ये एका मित्राला, तिच्या वाढदिवसाच्या सुमारास, त्यांनी लिहिले की अशा हानीनंतरची जागा कशानेही भरली तरी काहीतरी वेगळेपण उरतेच, आणि तसेच असायला हवे. सिद्धांत मांडणाऱ्या त्या माणसापेक्षा हे पत्र लिहिणारा बाप मला जास्त खरा वाटतो. १९९० च्या दशकापासून संशोधकांनीही हे मान्य केले आहे की गेलेल्यांशी असलेले नाते टिकते, फक्त त्याचे रूप बदलते.

उपचाराचा सर्वांत अवघड भाग पुढे आला. डोळे मिटून, त्या पहाटेची हकिगत सुरुवातीपासून, वर्तमानकाळात सांगायची, ती रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. मला हे वाचूनच क्रूर वाटले होते. म्हणूनच हे प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करायचे असते. घरच्या कुणीही चांगल्या हेतूनेसुद्धा ‘बोल, मोकळी हो’ म्हणत हे करायला लावू नये. पहिल्या वेळी मावशी दारापर्यंत पोचून थांबली. नंतरच्या वेळी दार उघडून आत गेली. असेच सांगता सांगता एकदा तिच्या तोंडून एक वाक्य आले, जे तिला दोन वर्षांत आठवले नव्हते. रात्री उशिरा काकांनी तिचा हात बाजूला सारला होता आणि म्हणाले होते, “तू जरा पाठ टेक, मी बरा आहे.” ती स्वतःहून उठून गेली नव्हती, त्यांनीच पाठवले होते. तिच्या आठवणीत फक्त आपले झोपणे उरले होते, त्यांचे बोलणे त्या अपराधीपणाखाली गाडले गेले होते. मला यात चमत्कार दिसत नाही. जी आठवण ती अर्ध्यातच मिटून टाकत होती, ती शेवटपर्यंत पाहिल्यावर तिच्यातला हा भाग हाती लागला, इतकेच. पुढच्या एका सत्रात समुपदेशकांनी तिला समोरच्या रिकाम्या खुर्चीत काका आहेत असे समजून त्यांच्याशी बोलायला सांगितले, आणि मग काकांच्या बाजूनेही उत्तर द्यायला सांगितले. त्यांनी काय उत्तर दिले हे तिने कुणालाही सांगितलेले नाही आणि आम्ही विचारलेलेही नाही.

सत्रे संपली तेव्हा मावशी आनंदी झाली होती असे मी म्हणणार नाही. ती त्या खोलीत पुन्हा झोपू लागली. गोळ्यांचा डबा तिने स्वतः रिकामा केला. वहीतले आकडे तीन ते सहा यांच्या मध्ये फिरू लागले आणि त्यातल्या तीनची तिला लाज वाटेनाशी झाली. काकांविषयी ती आता पूर्वीपेक्षा जास्त बोलते. आधी तिला त्यांचे फक्त शेवटचे महिने आठवत, नळ्या, बेडपॅन, कण्हणे. आता त्यांचे तरुणपणही बोलण्यात येते, त्यांचा तापटपणाही येतो. मला हा तापटपणा परत येणे फार महत्त्वाचे वाटले. शोक कोंडलेला असतो तोवर गेलेला माणूस निर्दोष राहतो, आणि निर्दोष माणसाची आठवण जवळ घेऊन बसता येत नाही.

अशा माणसाच्या आसपास असलेल्यांनी काय करावे, हे मला अनेकदा विचारले जाते. गेलेल्या माणसाचे नाव घेणे टाळू नये, कारण ते टाळले की दुःखी माणसाला दोनदा हरवल्यासारखे होते. ‘काही लागले तर सांग’ म्हणून निघून जाण्यापेक्षा वीजबिल भरणे, दवाखान्यात सोबत जाणे असे नेमके काम अंगावर घ्यावे. वस्तू परस्पर आवरू नयेत. आणि वर्ष उलटल्यावरही खाणे, झोपणे, घराबाहेर पडणे सावरलेले नसेल, तर ‘अजून वेळ दे’ म्हणत थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना वेळ ठरवण्याआधीच विचारून घ्यावे की त्यांनी शोकावर विशेष काम केले आहे का, कारण सगळ्यांचे तसे प्रशिक्षण नसते. त्याच्याकडे जावेसे वाटते, जगून काय करू, असे शब्द कानावर आले तर ते लाक्षणिक समजू नयेत. तसा विचार खरोखर मनात येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्या माणसाला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटची एक गोष्ट तारखांविषयी. काका गेले ती तारीख, त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस या दिवसांच्या आसपास मावशीची वही पुन्हा आठ-नऊवर जाते. हे होणार असे समुपदेशकांनी सत्रे संपवतानाच सांगितले होते आणि त्या दिवसांची तिच्याकडून आधीच आखणी करून घेतली होती: त्या दिवशी सोबत कोण असेल, सकाळ कशी काढायची, एकटे राहावेसे वाटले तर किती वेळ. दुःख अशा दिवशी उसळणे म्हणजे आजार परतणे नव्हे, काही दिवसांत ते आपल्याआप खाली येते. तसे ते आठवड्यांमागून आठवडे आले नाही, तर फोन करायचा असे ठरले आहे. गेल्या वर्षी तिने तसा फोन केला, आणखी दोन सत्रांना जाऊन आली.